झेलणारा पैलवान

मेक्सिको देशात, डोंगराच्या उतारावर, सान मेलितोन नावाचे एक गाव होते. तिथे फाउस्तिनो नावाचा एक तरुण बेकरीत पाव भाजण्याचे काम करी. अंगाने आडवा, मान जाड, हात फावड्यासारखे. बोलणे मात्र इतके हळू, की गिऱ्हाइकांना दोनदा विचारावे लागे.

फाउस्तिनोला पैलवान व्हायचे होते. त्या देशातली कुस्ती आपल्यासारखी मातीत होत नाही. उंच चौथऱ्यावर ताडपत्री ताणलेली असते. चार कोपऱ्यांना खांब, आणि खांबांना बांधलेले तीन दोर. पैलवान त्या दोरांवर चढतात आणि तिथून एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात. बरेच जण मुखवटा घालतात. मुखवट्यामागे कोण आहे ते लोकांना कळू द्यायचे नाही, अशी तिकडची रीत. प्रत्येक कुस्तीत एक भला असतो आणि एक दुष्ट. लोक भल्यासाठी टाळ्या वाजवतात, दुष्टाला शिव्या घालतात. कोणी जिंकायचे हे बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. पण उडी खरी असते, आणि खालची फरशीही खरीच असते.

फाउस्तिनोला अर्थातच भला व्हायचे होते. निळा मुखवटा घालावा, सर्वांत वरच्या दोरावरून झेपावावे आणि लोकांनी उभे राहून आपले नाव घ्यावे, असे त्याने मनाशी योजले होते. गावच्या तालमीत क्रेसेन्सियो नावाचे म्हातारे वस्ताद होते. त्यांनी त्याला आठवडाभर नुसते पाहिले. आठव्या दिवशी बाजूला बोलावले.

"तू उडणारा नाहीस," वस्ताद म्हणाले. "तू दुष्ट हो."

फाउस्तिनोचा चेहरा उतरला. दुष्टाने करायचे तरी काय, असे त्याने विचारले.

"पलीकडचा उडी मारतो ती तुझ्या भरवशावर मारतो. लोकांना वाटतं तू त्याचा वैरी. पण त्या घटकेला त्याची मान तुझ्या हातात असते. ती सांभाळायची. एवढंच काम. बाकीचं सगळं सोंग."

पुढचे सहा महिने वस्तादांनी त्याला एकही डाव शिकवला नाही. तालमीच्या माळ्यावरून ते भुशाची पोती खाली ढकलत आणि फाउस्तिनोने ती झेलायची. नुसती झेलायची नाहीत. पोते छातीशी घ्यायचे, गुडघे वाकवायचे आणि पोत्यासकट आपण पाठीवर पडायचे, म्हणजे मार आपल्या पाठीला बसतो, पोत्याला बसत नाही. कधी पोते सरळ येई, कधी तिरके, कधी वस्ताद मुद्दाम न सांगता टाकत. पहिल्या महिन्यात त्याचे खांदे काळेनिळे झाले. बायको एल्विरा रोज संध्याकाळी ते मिठाच्या गरम पाण्याने शेकत असे. सहाव्या महिन्यात फाउस्तिनो पाठमोरा उभा असला, तरी माळ्यावर फळी करकरली की त्याचे हात आपोआप पुढे येऊ लागले.

मग एल्विराने त्याला मुखवटा शिवून दिला. मेक्सिकोतही जुनी माणसे घुबडाला अशुभ मानतात. म्हणून तिने तपकिरी कापड घेतले, डोळ्यांभोवती पिवळी वर्तुळे काढली आणि मागे बांधायला नाडी लावली. सान मेलितोनच्या आखाड्यात पुढच्याच रविवारी 'घुबड' नावाचा नवा दुष्ट उतरला. पहिल्याच दिवशी त्याच्यावर संत्र्यांच्या साली पडल्या.

घुबड फार वाईट पैलवान होता. म्हणजे सोंगात. तो पंचाच्या पाठीमागे लपे, समोरच्याचे केस ओढी, पडलेल्याच्या बोटांवर पाय ठेवी आणि वर लोकांकडे पाहून कमरेवर हात ठेवून उभा राही. लोक संतापून बाकांवर चढत. शेवटी भला पैलवान वरच्या दोरावरून झेप घेई, घुबड त्याच्याखाली चिरडला जाई आणि सारा आखाडा आनंदाने ओरडे. चिरडला जाताना घुबडाचा एक तळवा हळूच उडी मारणाऱ्याच्या मानेखाली जातो आणि दुसरा कमरेखाली, हे कोणाच्या लक्षात येत नसे.

पैलवानांच्या मात्र येई. नव्या पैलवानाची पहिली कुस्ती असली की सकाळपासून त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. गाठ कोणाशी आहे, असे तो विचारी. घुबडाशी, असे कळले की तो जेवायला बसे.

गावात फाउस्तिनोचे गुपित एल्विरा, वस्ताद आणि कुस्त्या भरवणारा आयोजक हेरिबेर्तो, इतक्यांनाच ठाऊक होते. एल्विराची आई तिबुर्सियाबाई त्यांच्याच घरी राहत. आपला जावई रविवारी शेजारच्या गावातल्या बेकरीत जास्तीचे काम करायला जातो, अशी त्यांची समजूत होती. तिबुर्सियाबाईंना कुस्तीचे भारी वेड. दर रविवारी त्या तिसऱ्या रांगेत बसत आणि घुबडाला अशा शिव्या देत, की आजूबाजूचे पुरुष माना खाली घालत. सोमवारी जेवताना त्या जावयाला सगळी हकिगत सांगत. घुबडाने काल काय नीचपणा केला, कसा तो माणूस नाहीच, त्याची आई त्याच्याबद्दल काय म्हणत असेल. फाउस्तिनो मान डोलावत मक्याची भाकरी खात असे. एल्विरा उठून चुलीपाशी जाई, कारण तिला हसू आवरत नसे.

एकदा तिबुर्सियाबाई म्हणाल्या, "तुझ्यासारख्या सज्जन माणसाच्या घरी त्याला महिनाभर ठेवायला हवं. सुधारेल."

"प्रयत्न करून बघू," फाउस्तिनो म्हणाला.

अशी बावीस वर्षे गेली. फाउस्तिनोचे दिवस बरे चालले होते. पहाटे भट्टी, दुपारी तालीम, रविवारी आखाडा. मुलगी मोठी होऊन लग्न करून गेली. क्रेसेन्सियो वस्ताद वारले. त्यांच्या अंत्ययात्रेत खांदा देताना फाउस्तिनो रडला, पण मुखवटा नसल्यामुळे हा कोण ते बाहेरगावच्या पैलवानांना कळले नाही.

एकच गोष्ट त्याला अधूनमधून टोचे. बावीस वर्षांत त्याच्यासाठी एकदाही टाळी वाजली नव्हती. राजधानीच्या मोठ्या आखाड्यात एकदा तरी कुस्ती करावी, असेही त्याच्या मनात होते. पण गावोगावच्या दुष्टांना तिथे कोण बोलावणार. हे त्याने फक्त एल्विराला सांगितले होते, आणि तेही एकदाच.

त्या वर्षी गावच्या जत्रेला हेरिबेर्तोने मोठी कुस्ती ठरवली. एका बाजूला घुबड, दुसऱ्या बाजूला रुपेरी ससाणा नावाचा तिशीतला पैलवान. ससाणा देशभर गाजलेला होता. त्याच्यासारखी उडी कोणाला साधत नसे. कुस्ती होती मुखवट्याला मुखवटा. हरणाऱ्याने चार लोकांत मुखवटा उतरवायचा, आपले खरे नाव सांगायचे आणि तो मुखवटा पुन्हा कधी घालायचा नाही. मुखवटा गेलेल्या पैलवानाला तिकडे पुन्हा तो मान मिळत नाही. कित्येक जण त्यानंतर आखाडा सोडतात. जिंकणाऱ्याला मात्र वर्षभर राजधानीच्या आखाड्यात खेळायला मिळणार होते.

हेरिबेर्तोने दोघांना एकत्र बसवले. इतका जुना मुखवटा कोणाच्या हुकमाने उतरवणे मला बरे वाटत नाही, असे तो म्हणाला. म्हणून या वेळी निकाल ठरवायचा नाही. खरोखर झुंजायचे. तीन डावांतले दोन जो जिंकेल तो जिंकला. शिवाय एक नियम असा, की कुस्ती चालू असताना ज्याच्या डोक्यावरून मुखवटा पडेल तो तिथेच हरला. दोघांनीही मान्य केले.

जत्रेच्या रविवारी दुपारी आखाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आजूबाजूच्या नऊ गावांतून लोक आले होते. तिबुर्सियाबाईंनी आपली तिसऱ्या रांगेतली जागा सकाळीच येऊन धरली होती. एल्विरा त्यांच्या शेजारी बसली. ती सहसा येत नसे.

पहिला डाव ससाण्याने जिंकला. दुसरा डाव घुबडाने जिंकला, आणि हे अक्रीत पाहून लोक क्षणभर ओरडायचेच विसरले. खरोखर झुंजायची वेळ आली तेव्हा कळले, की बावीस वर्षे हरणाऱ्या त्या माणसाच्या अंगात बैलाची ताकद आहे. त्याने ससाण्याचे दोन्ही खांदे ताडपत्रीला टेकवून दाबून धरले आणि ससाण्याला हलता आले नाही.

तिसरा डाव लांबला. दोघेही थकले. झटापटीत घुबडाच्या मुखवट्याची नाडी सुटली आणि कापड सैल झाले. पुन्हा बांधायला सवड नव्हती. एका हाताने मुखवटा कपाळापाशी दाबून धरत तो दुसऱ्या हाताने झुंजत राहिला. एका धक्क्यासरशी तो दोरांतून बाहेर फेकला गेला आणि खाली सिमेंटच्या फरशीवर उभा राहिला. ससाण्याने संधी पाहिली. तो खांबावर चढला, सर्वांत वरच्या दोरावर उभा राहिला आणि त्याने बाहेर झेप घेतली.

पण झेप घेताना घामाने ओल्या झालेल्या दोरावरून त्याचा पाय घसरला. त्याचे शरीर हवेत वाकडे फिरले. तो डोके खाली, पाय वर, असा फरशीकडे येऊ लागला.

फाउस्तिनोने ते पाहिले. त्याला फक्त एक पाऊल बाजूला सरायचे होते. तसे करण्यात काही पाप नव्हते. उडी चुकवणे हा कुस्तीतला डावच आहे. ससाणा पडला असता, डाव फाउस्तिनोचा झाला असता, मुखवटा राहिला असता आणि पुढच्या महिन्यात तो राजधानीला गेला असता.

त्याचा हात मुखवट्यावरून निघाला. दोन्ही हात पुढे आले. एक तळवा ससाण्याच्या मानेखाली गेला, एक कमरेखाली. त्याने त्या माणसाला छातीशी घेतले, गुडघे वाकवले आणि त्याच्यासकट तो पाठीवर पडला. पाठीचा फरशीवर आपटलेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

धूळ बसली तेव्हा ससाणा त्याच्या अंगावर पडलेला होता, जिवंत आणि धड. मुखवटा हातभर अंतरावर फरशीवर पडला होता.

पुढच्या रांगांतल्या लोकांनी त्याचा चेहरा पाहिला. तो चेहरा त्यांच्या रोजच्या पाहण्यातला होता.

हेरिबेर्तो धावत आला. तो फाउस्तिनोपाशी ओणवा झाला आणि त्याच्या कानात घाईघाईने बोलू लागला. मागच्या लोकांना काही दिसलेले नाही. मुखवटा चढव. हा अपघात होता, यात हरजीत नाही, असे मी जाहीर करतो. पुढच्या रविवारी पुन्हा कुस्ती लावू. त्याने मुखवटा उचलून फाउस्तिनोच्या हातात दिला.

फाउस्तिनोने तो हातात धरला. बावीस वर्षांत एल्विराने तो कितीदा उसवून पुन्हा शिवला होता. तो घालावा असे त्याला फार वाटले. या गोष्टीत त्याची खरी कसोटी कुठली असेल, तर ती ही. ससाण्याला झेलताना विचार करायला वेळच नव्हता. आता होता.

"दुसऱ्या कोणाचा पडला असता तर?" त्याने विचारले.

"तर तो हरला असता," हेरिबेर्तो म्हणाला.

"मग माझ्यासाठी वेगळा नियम नको."

तो उठला. पाठ सरळ होत नव्हती. दोर धरून तो चौथऱ्यावर चढला. तोवर ससाणाही सावरून त्याच्यामागे आला होता. त्याने आपल्या मुखवट्याच्या नाडीला हात घातला आणि फाउस्तिनोला म्हणाला, "उडी माझी चुकली. मुखवटा मी काढायचा."

फाउस्तिनोने त्याचा हात धरून खाली केला. "तुला अजून पंधरा वर्षं उडायचंय. राहू दे."

मग तो लोकांकडे वळला. हरलेल्याने आपले नाव, गाव आणि किती वर्षे कुस्ती केली ते सांगायचे, अशी रीत होती. त्याने सांगितले, पण इतक्या हळू, की पंचाने त्याच्यासमोर माइक आणून धरला आणि त्याला पुन्हा सांगावे लागले.

"मी फाउस्तिनो. इथलाच. बावीस वर्षं. बेकरीत असतो."

काय करावे ते लोकांना कळेना. घुबडासाठी टाळ्या वाजवायची त्यांना सवय नव्हती. इतक्यात ससाणा पुढे झाला. त्याने माइक घेतला आणि जे घडले ते सांगितले. माझे डोके फरशीवर फुटले असते, असे तो म्हणाला. या माणसाने मुखवटा सोडून मला धरले. एवढ्यावर तो थांबला नाही. आजवर मी देशभर कुस्त्या केल्या, पण डोळे मिटून उडी मारावी असे दोन-तीनच पैलवान भेटले. त्यांतला एक हा. पडद्यामागे उभे असलेले इतर पैलवानही बाहेर आले आणि एकेक करून चौथऱ्याभोवती उभे राहिले. त्यांतल्या बहुतेकांची पहिली उडी घुबडानेच झेललेली होती.

पहिल्यांदा हाक आली ती उजव्या बाजूने, जिथे बाजारातल्या बायका बसल्या होत्या. त्यांनी घुबड असे म्हटले नाही. त्यांनी "फाउस्तिनो" अशी हाक दिली. मग दुसरी बाजू ओरडू लागली. थोड्या वेळात सगळा आखाडा उभा होता आणि रोज सकाळी ज्याच्याकडून पाव घेतो त्याचे नाव घेत होता. फाउस्तिनो दोर धरून उभा राहिला. हातांचे काय करावे ते त्याला समजत नव्हते. शेवटी त्याने ते पाठीमागे घेतले.

तिसऱ्या रांगेत तिबुर्सियाबाई मात्र बसूनच होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. एल्विराने त्यांचा हात धरला होता. आपण या माणसाला बावीस वर्षे काय काय बोललो, ते त्या आठवत होत्या, आणि यादी संपत नव्हती.

घरी गेल्यावर त्या जावयासमोर उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी आले होते. "मला सांगितलं का नाहीस रे? मी तुझ्या आईलासुद्धा सोडलं नाही."

"सासूबाई," फाउस्तिनो म्हणाला, "आखाड्यात उतरलो की माझे पाय कापायचे. तिसऱ्या रांगेतून तुमचा आवाज आला की वाटायचं, घरचं माणूस आलंय. मग कापायचे थांबायचे."

तिबुर्सियाबाईंनी ओढणीने डोळे पुसले आणि त्याच्या पाठीला शेक द्यायला पाणी तापत ठेवले. त्या दिवशी एल्विराला त्यांनी ते काम करू दिले नाही.

राजधानीला ससाणा गेला. नियमाप्रमाणे तोच जिंकला होता. फाउस्तिनोची पाठ बरी व्हायला तीन महिने लागले. आता हा आखाडा सोडणार, असे पुष्कळांना वाटले. त्याने सोडला नाही. तो उघड्या चेहऱ्याने पुन्हा उतरला आणि पुन्हा दुष्टच झाला, कारण ते काम त्याला येत होते. लोक आता त्याला हसत हसत शिव्या देत, आणि कुस्ती संपली की टाळ्याही वाजवत. मुखवट्याविना तोंडाला वारा लागतो, हे त्याला विशेष आवडले. बेकरीत येणाऱ्या बायका त्याला रविवारचे बोलणे ऐकवत. कालचे केस ओढणे जरा जास्तच झाले, असे त्या सांगत, आणि तो पाव बांधता बांधता पुढच्या वेळी कमी ओढीन म्हणे.

क्रेसेन्सियो वस्तादांच्या जागी तालमीत तो शिकवू लागला. मोठमोठ्या शहरांतून मुले-मुली त्याच्याकडे येऊ लागली. उड्या शिकवणारे पुष्कळ होते. झेलायला शिकवणारा तोच होता. ससाणा दरवर्षी उन्हाळ्यात महिनाभर येऊन राही आणि नव्या मुलांबरोबर स्वतःही पोती झेली.

फाउस्तिनोने शेवटची कुस्ती केली तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता. तो हरला. कपडे बदलून बाहेर आला तेव्हा उत्तरेकडच्या कुठल्याशा वर्तमानपत्राचा एक बातमीदार त्याची वाट पाहत होता. एवढ्या वर्षांत किती कुस्त्या जिंकलात, असे त्याने विचारले. फाउस्तिनोला आकडा सांगता येईना. थोड्याच असतील, असे तो म्हणाला. मग मोठी कमाई कोणती, असे बातमीदाराने विचारले.

फाउस्तिनोने थोडा विचार केला. "माझ्या अंगावर शेकडो माणसं पडली," तो म्हणाला. "सगळी उठून घरी गेली."

तात्पर्य : लोक आपल्याला कोणत्याही नावाने ओळखोत; हाती आलेले काम जो रोज मनापासून करतो आणि स्वतःसाठी वेगळा नियम मागत नाही, तो हरला तरी समाधानी राहतो.